हात स्थिर हवा

"घ्या, धरा," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी काचेचा पेला तिच्या हातात दिला. पेल्याच्या तोंडावर पातळ रबर ताणून बांधलेलं होतं. "नुसता धरायचा. नागाचं मामा बघतील."

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले साप सांभाळणारे. ते पेटी उघडायला वळले आणि मुलाखतीला आलेल्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

आता तिची तरी काय चूक म्हणावी! आठ वर्षं नागाच्या विषावर काम केलं. पण विष तिच्याकडे यायचं ते पांढरी भुकटी होऊन, कुपीत, वर चिठ्ठी लावून. ते ज्याच्या तोंडातून निघतं तो प्राणी तिने जवळून कधी पाहिलाच नव्हता. विद्यापीठाने पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या एकोणीस जागा काढल्या होत्या. हवामान, समुद्र, तारे, कशाकशाच्या. तिच्या विषयाची ही एकच. वयाची अट पस्तीस. तेरा दिवसांनी ती पस्तिशी ओलांडणार होती, म्हणजे पुढच्या जाहिरातीला तिचा अर्जसुद्धा चालणार नव्हता.

मामा आले. चिमटीत नागाचं डोकं, उरलेला नाग दुसऱ्या हाताच्या कोपराला विळखा घालून. कसा टक लावून बघत होता मेला! तिला किंचाळावंसं वाटलं. किंचाळली नाही, कारण सर कागदावर काहीतरी लिहीत होते.

"हात स्थिर हवा," सर मान वर न करता म्हणाले. "भीती वाटते?"

"छे! अजिबात नाही."

आवाज बरा निघाला. पेला मात्र ऐकेना. तिने कोपर पोटाशी घट्ट दाबलं आणि श्वास रोखला. मामांनी नागाचं तोंड रबरावर टेकवलं. टच्च! दोन दात रबरातून आरपार आले, तिच्या बोटापासून जेमतेम दोन इंचांवर. दातांच्या टोकांना पिवळट थेंब धरू लागले. सुटू दे एकदाची, सुटू दे, एवढंच ती मनात घोकत होती.

"वा!" सरांनी फाईल मिटली. "आधीच्या तिघांनी पेला टाकला. एक तर पार जिन्यापर्यंत पळाला. तुम्ही सोमवारपासून या. महिनाभर मामांकडून शिकून घ्या, ते निवृत्त होतायत. मग डोकं तुम्हीच धरायचं."

सर गेले. नोकरी मिळाली होती, खरं तर पेढे वाटायचे; पण तिची पाचावर धारण बसली होती. मामांनी नाग पेटीत सोडला, झाकणाला कडी घातली. मग तिच्याजवळ येऊन तिचं एकेक बोट उलगडत पेला काढून घेतला. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती.

"मामा," ती कशीबशी म्हणाली, "मला फार भीती वाटते हो. सरांना सांगू नका."

"मी कशाला सांगतोय? सरांशी खोटं बोललात, खपून गेलं." मामांनी पेटीकडे मान वळवली. "पण ताई, ह्याला काय सांगणार?"