पान चारशे बारा

पत्र तिसऱ्यांदा वाचून झालं तरी मास्तरांनी चष्मा काढला नाही.

“अहो, काय म्हणतायत ते?” मटार सोलता सोलता बायकोनं विचारलं.

“रविवारी सत्कार आहे माझा. कोशाबद्दल. मोठे प्रोफेसर बोलणार आहेत.”

“मग चेहरा असा का? सत्कार आहे, ऑपरेशन नाही.”

“ते चारशे बाराव्या पानावर बोलणार आहेत. तिथला एक शब्द म्हणे जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कोशात नाही. त्यावर त्यांनी दोनशे पानांचं पुस्तक लिहिलंय. पुढच्या महिन्यात छापायला जातंय.”

बायकोचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, पण आता दाणे सालांच्या ढिगात आणि सालं भांड्यात पडू लागली. मास्तरांना वाटलं, बिचारीला आपली काळजी.

मास्तर शाळेत प्राचीन ग्रीक शिकवायचे. मुलांना त्या तासातली शेवटची घंटा तेवढी मनापासून आवडायची. उरलेल्या वेळात मास्तरांनी ग्रीकचा कोश केला. त्याला बावीस वर्षं लागली. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तीन ओळी: शब्द, अर्थ, आणि तो कुठल्या ग्रंथात सापडला ते. चिठ्ठ्यांची स्वच्छ प्रत बायको करायची. तिला ग्रीक येत नव्हतं. अक्षरं मात्र गिरवून गिरवून छापल्यासारखी यायची. तिसरी ओळ रिकामी असली की चिठ्ठी टाचणी लावून परत. “कुठं वाचलंत ते लिहा, मग बघू.”

प्रुफंही तीच तपासायची. छापखानेवाल्याची एकच अट होती. “बाई, एक ओळ काढलीत तर तिथंच एक ओळ भरून द्या. नाहीतर पुढची आठशे पानं सरकतील आणि मी धंदा बंद करून गावी जाईन.”

कोश पुरा होत आला असताना एक दिवस इन्स्पेक्टरसाहेब वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांची चप्पल नुकतीच जिन्यात तुटली होती. तास संपताना त्यांनी विचारलं, “मास्तर, तुटक्या चपलेनं फरफटत चालण्याला ग्रीकमध्ये काय म्हणत हो?”

‘माहीत नाही’ म्हणायला काय जात होतं? पण समोर तीस पोरं. मास्तरांच्या तोंडून एक शब्द असा बाहेर पडला, जणू दाराशीच उभा होता. साहेबांनी खूश होऊन तो वहीत उतरवून घेतला.

साहेबांच्या वहीत गेलेला शब्द कोशात नसणं बरं दिसलं नसतं. मास्तरांनी चिठ्ठी केली. तिसऱ्या ओळीत एका हरवलेल्या नाटकाचं नाव घातलं. हरवलेलं नाटक तपासायला कोण जातोय? बायकोनं चिठ्ठी वाचली, एकदा वर पाहिलं आणि गठ्ठ्यात ठेवली.

कोश छापून तीस वर्षं झाली, पण मास्तरांनी ते पान कधी उघडलं नाही. विद्यार्थ्याला काही दाखवायचं झालं तर चारशे अकरावरून थेट चारशे चौदावर उडी मारायचे. कुणी कोशाची स्तुती केली की कान तापायचे. लोक म्हणत, काय विनय आहे माणसाचा!

“मी सगळ्यांसमोर सांगून टाकणार,” मास्तर म्हणाले. “तो शब्द ग्रीकांचा नाही, माझा आहे. पुस्तक छापून गेलं तर त्या भल्या माणसाला जग हसेल. तेही माझ्यापायी.”

“आधी पान उघडून बघा तरी एकदा.”

“कोणत्या तोंडानं बघू? पाठ आहे मला.”

“तीस वर्षांत पाठांतर बिघडतं माणसाचं.”

“लाज नाही बिघडत.”

“मग गप्प बसा आणि मान घ्या. गप्प बसायला तुम्हाला एवढं जड का जातं? मला बघा.” ती भांड्यातली सालं वेचून काढू लागली. “अहो, एक सांगू का?”

“रविवारनंतर सांग. आत्ता माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही.”

रविवारी सभागृह भरलं होतं. प्रोफेसर कोश काखेत घेऊन उठले, तोच मास्तर त्यांच्याआधी माइकपाशी पोचले.

“चारशे बाराव्या पानावरचा शब्द खोटा आहे,” ते म्हणाले. “तुटक्या चपलेनं चालणं, असा अर्थ दिलाय तो. मी वर्गात थाप मारली आणि ती कोशात घातली. प्रोफेसरसाहेब, तुमच्या पायाशी बसायची माझी लायकी नाही. ते पुस्तक छापू नका.”

प्रोफेसरांनी शांतपणे कोश उघडला, चारशे बारावं पान काढलं आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“मास्तर, असा शब्द या पानावर नाही.” ते प्रेमानं हसले. “थकलात तुम्ही. मी ज्यावर लिहिलंय तो हा बघा, खालून तिसरा.” त्यांनी माइकमध्ये खणखणीत वाचलं: “‘घरच्या माणसाची लबाडी ओळखूनही पदराखाली झाकणे.’ आधार, हरवलेलं नाटक. मंडळी, इतकी नाजूक गोष्ट ग्रीकांखेरीज कुणाला सुचणार?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायको खाली वाकून खुर्चीखाली चप्पल शोधत होती. दोन्ही चपला तिच्या पायातच होत्या.