जपानी पीस

"त्या गेमच्या मशीनचं लॉक तुटत नाही साहेब, कितीदा सांगू?" शिवाने काउंटरवरच्या वायरी बाजूला सारल्या. "मी तेव्हाच बोललो होतो, इंडियन पीस घ्या. तुम्हीच जपानीसाठी हटून बसलात."

शांती नगरमधल्या या गेमच्या दुकानात यतीन आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. खिशातला फोन पुन्हा थरथरला. साहिलचाच असणार. आज पोराचा दहावा वाढदिवस. घरी जमलेले मित्र पडद्यावरची जपानी अक्षरं बघून हसत होते. भाषा बदलत नव्हती, इथलं अकाउंट चालत नव्हतं, एकही गेम उतरत नव्हता.

"बदलून देतो ना," शिवा म्हणाला. "इंडियन घेऊन जा, विषय संपला."

"नको. हाच चालू झाला पाहिजे."

"मग मशीन इकडे आणा. घर कुठे?"

"गोडदेवला."

"अहो, मग रिक्षाने किती वेळ लागतोय? नाहीतर मीच येतो तुमच्याबरोबर."

"नको!"

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. यतीनने आवाज उतरवला. "मशीन कुरिअरने पाठवलंय, घरी जाणं नाही जमणार. फोनवरून होईल का?"

शिवाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. नवरा-बायकोचं काही बिनसलेलं असावं, असं समजून त्याने पुढे विचारलं नाही. यतीनच्या फोनवर त्याने जपानचं नवीन अकाउंट उघडलं, तिथल्या ऑनलाइन स्टोअरमधून गेम घ्यायचा कोड त्यात भरला आणि स्वतःकडचं जपानी मशीन काउंटरवर चालू केलं.

यतीनने आधी दुकानाचं काचेचं दार लावून घेतलं. रस्त्यावरचे हॉर्न बंद झाल्यावरच त्याने फोन लावला.

"साहिल, पडद्यावर खाली ये. तिसरं चित्र दाब."

"पप्पा, सगळे म्हणतायत हे डुप्लिकेट आहे."

"डुप्लिकेट नाहीये. आता मी सांगतो ती अक्षरं टाक."

शिवा बोटाने दाखवायचा, यतीन सांगायचा. शिवाने तोंड उघडलं की यतीन फोनच्या माईकवर अंगठा दाबून धरायचा. एक अक्षर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. पलीकडे कोणीतरी म्हणालं, "चल यार, घरी जाऊ."

"थांबा ना रे!" साहिलचा आवाज रडवेला झाला. "पप्पा, व्हिडिओ कॉल करा ना, मी दाखवतो."

"नेट नीट नाहीये. तू वाच, घाई करू नको."

गेम किती टक्के उतरला ते साहिल मोठ्याने वाचत राहिला. यतीनचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग अचानक इंजिनाचा घरघराट आला आणि मागोमाग पोरांचा कल्लोळ.

"चालू झालं! पप्पा, गाडी पळतेय!"

यतीनने काउंटरला टेकून डोळे मिटले. शिवाने हसून त्याच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

पलीकडे फोन त्याच्या बायकोने, नीलमने घेतला. "किती खूश झालाय माहितीये? मघापासून रडत होता." पोरांचा गलका टाळायला ती आतल्या खोलीत गेली. "तुम्ही जेवलात का? किती वाजले?"

यतीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बरोब्बर सात.

"साडेदहा," तो म्हणाला. "इथे जपानमध्ये एव्हाना सगळे झोपतात, नीलम."