टिटवीच्या नोंदी

साधनाबाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरल्या त्या परवानगी न मागताच. त्यांनी टेबलावर रुमाल सोडला. त्यात टिटवीची चार अंडी होती, एप्रिलच्या उन्हात आतल्या आत शिजून मेलेली.

"योगेशला आजच काढा," त्या म्हणाल्या. "त्याच्या बसला घाबरून टिटवी उडते आणि अंडी उन्हात उघडी पडतात."

त्यांचा संताप साधासुधा नव्हता. कोणता प्राणी कुठे राहतो, हे तिसरीच्या मुलांनी पुस्तकातून घोकायचं नाही, स्वतः शोधायचं, असा त्यांचा हट्ट. दुकानातून आयते तक्ते आणून चिकटवणाऱ्या पालकांचा त्यांना तिटकारा होता. शाळेमागे, बसगाड्या वळतात तिथे कडेच्या खडीत टिटवीनं अंडी घातली आणि बाईंना घबाडच सापडलं. रोज त्या चाळीस मुलांना तिथे न्यायच्या. मुलं गोल करून उभी राहायची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करायची. आई कशी असते बघा, असं बाई कौतुकानं सांगायच्या.

एरवी नजर ठेवायचं काम आनंदीचं. बँकेतल्या बदलीनं जयपूरला आलेल्या घरातली ही मुलगी वर्गाच्या मागच्या खिडकीपाशी बसायची आणि दिसेल ते वेळेसकट वहीत टिपायची.

योगेश जयपूरजवळच्या चौमूं गावचा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. अंड्यांपासून दोन हातांवरून बस मागे घ्यायचा. बाईंनी त्याला दोनदा झापलं. दुसऱ्यांदा तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडमजी, बच्चों को थोड़ा दूर रखिए।"

चोराच्या उलट्या बोंबा. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

आता तो दारात उभा होता. बारा वर्षांत त्याच्या बसला ओरखडा पडला नव्हता. मी बघूनच गाडी घेतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मुख्याध्यापिका तारामतीजींनी त्याला कामावरून काढण्याचं पत्र पुढ्यात ओढलं आणि सही करण्याआधी विचारलं, पुरावा काय?

बाईंना हेच हवं होतं. त्यांनी आनंदीला वहीसकट बोलावून घेतलं. "घाबरू नकोस. लिहिलंयस तसंच मोठ्यानं वाच. आपण अभ्यास केलाय, गप्पा नाही मारल्या."

आनंदीनं योगेशकडे पाहिलं, मग वही उघडली.

"सोमवार. सात वीस. बस आली. टिटवी बसलेली. सात पंचवीस. बस गेली. टिटवी बसलेली."

तारामतीजींचं पेन थांबलं.

"पुढचं वाच," बाई करड्या आवाजात म्हणाल्या.

"दहा पाच. टीचर आणि आम्ही आलो. टिटवी उडाली. दहा पस्तीस. आम्ही वर्गात. टिटवी नाही. अकरा वीस. टिटवी आली." आनंदीनं पानं उलटली. "मंगळवार, तसंच. बुधवार, तसंच. काल. सात वीस. बस आली. टिटवी बसलेली. दहा पाच. टीचर आणि आम्ही आलो. टिटवी उडाली. शाळा सुटली. टिटवी आली नाही."