दिवा लागेपर्यंत

वाती वळता वळता विमलबाईंच्या हातातला कापूस गळून पडला, आणि तो उचलायला हात काही पुढे झाला नाही.

समोर बाजेवर पंजाबराव बसले होते. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता. तो कोपरा त्यांच्या ओळखीचा होता. लकवा मारल्यापासून दाढी करताना आरशात तोच दिसायचा.

त्यांना सुनेला हाक मारायची होती. तोंडातून निघालं, "प... प..."

निकिता भरल्या हातांनी, कणीक मळता मळता बाहेर आली. "काय होय बाबा? आई, काय पाह्यजे यायले?" मग स्वतःच हसली. "मीबी कोणाले विचारून राह्यली! दिवा लागेपर्यंत त मौन आहे."

श्रावणभर विमलबाईंचं हेच चाललं होतं. देवापुढे सांजेचा दिवा लागेपर्यंत पोटात अन्न नाही, तोंडातून अक्षर नाही. नवऱ्याची गेलेली वाचा परत यावी, एवढंच देवाला मागणं. दिवा लागला की पहिला शब्द त्यांच्यासाठी. "म्हणा, पाणी." "म्हणा, मीठ." "म्हणा, गोळी." मीठ कमी, गोळी वेळेवर, घरोघरी तब्येत विचारायला येणाऱ्या आशाताईंचा सल्लाही असा एकेक शब्दानं त्यांच्या गळी उतरला होता. नवऱ्याची रक्तदाबाची गोळी विमलबाई न चुकता द्यायच्या. स्वतःची मात्र, "उपास सुटल्यावर घेईन."

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की वाट पाहू नका, गाडी बोलवा. आशाताईंचं हे बोलणं पंजाबरावांच्या डोक्यात सबंध उभं होतं. जिभेवर तेवढे तीनच शब्द.

"पाणी!" ते ओरडले.

निकितानं गिलास आणला. त्यांनी तो उडवून लावला.

"असं काहून करून राह्यले बाबा?"

"गोळी! मीठ!"

"गोळी त सकाळीच देल्ली आईनं."

ती आत वळली. पंजाबरावांनी काठी टेकली, पाय ओढत विमलबाईंजवळ गेले आणि खालीच बसले. स्वतःच्या वाकड्या ओठावर बोट ठेवलं. मग तेच बोट तिच्या ओठावर ठेवलं.

"मी," ते म्हणाले. "हे... मी."

"तुमी कायले? त्या त आई..." निकिता बोलता बोलता थांबली.

त्यांनी विमलबाईंचा उजवा हात उचलला आणि सोडून दिला. तो धपकन वातींवर पडला.

निकिता गुडघ्यांवर बसली. "आई, मौन मोडा. देव नाही रागावत. माहं नाव घ्या. एक डाव घ्या न, आई."

विमलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

कणकेच्या बोटांनीच निकितानं एकशेआठ लावला.

गाडी बोरी अरब सोडून यवतमाळच्या रस्त्याला लागली, तेव्हा दिवस बुडत होता. निकिता पुढे फोनवर नवऱ्याला सांगत होती. काचेबाहेर एका दारी तुळशीपाशी कोणीतरी दिवा लावून हात जोडले.

पंजाबराव बायकोवर वाकले. तिचा पडलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"म्हण," ते म्हणाले. पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला. "दि... वा."

आणि रोज ती थांबायची तसे, तिच्या ओठांवर नजर लावून, ते थांबले.