टेपवर उतरलेलं गाणं

नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या घराच्या माळ्यावर टोर्गाइर आठ महिने बायकोच्या, उन्नीच्या, एकाच गाण्याचं मिक्सिंग करत होता. जमत आलं की पुन्हा काहीतरी बदलायचा.

"कम्प्युटरवरच राहू दे," तो थकल्या आवाजात म्हणाला. "पुढे दुरुस्त तरी करता येईल."

"पुरे रे आता," शेजारी बसलेली उन्नी म्हणाली. "आज टेपवर घे. एकदा उतरलं की उतरलं."

त्यानं टेप चढवली. गाणं संपल्यावरही दोघं बराच वेळ फिरत्या रिळाकडे बघत बसली.

"छान झालंय," उन्नी म्हणाली.


मग दोघं खाली आल्यावर तिनं जानेवारीपासून भरून ठेवलेली बॅग उचलली आणि घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "गाणं पुरं होईपर्यंत थांबेन म्हणाले होते. थांबले."