तुळईला टांगलेली होडी

बहात्तर साली प्रवरा आटली, तेव्हा बन्सी नावाड्याने आपली होडी घरी आणली. पडवीत शेळ्या होत्या, म्हणून ती तुळईला दोरांनी टांगली. पाण्याबाहेरची होडी नेहमी पालथी ठेवतात. बन्सीने ती उताणी टांगली आणि तान्ह्या मुलीचा पाळणा केला.

“आवं, उताणी होडी माणसाची वाट बघती म्हनं,” बायको साळूबाई म्हणाली.

“जायला नदीत पानी तर पायजे,” बन्सी हसला.

दुपारी भाकरी थापताना साळूबाईला पाण्यात वल्हे बुडाल्यासारखा आवाज आला. वारा नव्हता, तरी होडी संथ डुलत होती.

तिने धावत जाऊन मुलीला उचलले. दुपटे कोरडे होते. अजून रांगतही नसलेल्या त्या लेकराचे पाय घोट्यापर्यंत ओल्या गाळाने माखले होते.