उल्काचा ग्राफ

तीन रविवार झाले, पहाडगंजला नववीतल्या उल्काला गणित शिकवायला जातोय. ग्राफ मी स्वतःच गेल्या महिन्यात यूट्यूबवर शिकलो. जातो खरं तर तिच्या ताईसाठी.

"घरातलंच उदाहरण घे," मी ऐटीत म्हणालो.

उल्काने रेष मारली. "दादा, हे ताई तुझ्याशी बोलते ते शब्द. सुरुवातीला, एक्स झीरो असताना, 'चहा घेणार का?' म्हणजे वाय-इंटरसेप्ट तीन. मग 'चहा घेणार?' आज नुसतं 'चहा?' दर रविवारी एक कमी, स्लोप मायनस वन. बरोबर?"

"बिल्कुल." लाल पेनाने मीच बरोबरची खूण केली.

"मग पुढच्या रविवारी चहा पिऊनच ये."